पहिल्या महायुद्धातील भारतीय शिपायाची कविता कोठे शोधावी?

नीराकाठ

सर्वांना नमस्कार. मी इंग्रजी साहित्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी मी पहिल्या महायुद्धातील कविता हा विषय घेतला असून, त्या अनुषंगाने वसाहतोत्तर संस्कृती आणि राष्ट्रीय अस्मिता यांचा विचार करावा, असे माझ्या मार्गदर्शकांनी सुचवले आहे. अडचण अशी की, आम्हाला नेमलेले सगळे युद्धकवी इंग्रज आहेत. विल्फ्रेड ओवेन यांची विषवायूवरील कविता वर्गात शिकून झाल्यावर मी त्या काळाचा इतिहास चाळू लागले, तेव्हा लक्षात आले की २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी विषवायू सोडला आणि त्यानंतर चारच दिवसांनी हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनचे शिपाईही त्याच आघाडीवर विषवायूच्या लोटात सापडले. त्यांच्या बाजूने कोणी कविता लिहिली का, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

दहा लाखांहून अधिक भारतीय या युद्धासाठी समुद्रापार गेले आणि सत्तर हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. इतक्या मोठ्या घटनेवरची म्हणून मला आजवर हाताशी आलेली कविता एकच, ती म्हणजे सरोजिनी नायडू यांची १९१५ मधील ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’. ती वाचून मी अधिकच गोंधळले आहे. ती साम्राज्याशी निष्ठा सांगणारी कविता मानावी, की राष्ट्रवादी? आणि एका कवितेवर प्रबंध कसा उभा राहील? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

जुना वाचक

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी अनेक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि ओवेन व ससून हे युद्धकवी शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा होता, असे आता वाटते.

‘निष्ठा की राष्ट्रवाद’ असे दोनच कप्पे केले, तर नायडूंची कविता हातातून निसटेल. ती डिसेंबर १९१५ मध्ये हैदराबादमधील स्त्रियांच्या युद्धसाहाय्य संस्थेच्या सभेत सादर झाली, म्हणजे प्रसंग सरकारला मदत करण्याचाच होता. परंतु कवितेत बोलते कोण, हे पाहावे. बोलते ती भारतमाता. आपण धान्य दिले, वस्त्रे दिली, सोने दिले आणि शेवटी पोटची मुले दिली, असा हिशेब ती मांडते. इराणच्या लाटांजवळ, इजिप्तच्या वाळूत, फ्लँडर्स आणि फ्रान्सच्या मातीत ती मुले विखुरली आहेत. अखेरीस ती म्हणते की, द्वेष शमेल आणि उपकारांची आठवण काढली जाईल, तेव्हा माझ्या मुलांच्या रक्ताचीही आठवण ठेवा. देणे दिल्यावर त्याची आठवण करून देणे म्हणजे ऋण वसूल करण्याचीच सभ्य भाषा होय. त्याच काळात टिळकांची भूमिका या भाषेच्या अगदी जवळची होती. भरतीला सहकार्य करू, पण त्या बदल्यात स्वराज्याचे बोला, असे ते म्हणत होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच थांबवले, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले. ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवून कविता पुन्हा वाचावी.

तिच्या शेजारी इंग्रज कवी किपलिंग यांचा फ्रान्समध्ये मेलेल्या हिंदू शिपायावरील दोन ओळींचा स्मृतिलेख ठेवून पाहावा. या माणसाने आपल्या देशात कोणत्या देवतांची प्रार्थना केली ते आम्हाला माहीत नाही, पण आमच्या देशात त्याने दाखवलेल्या शौर्याचे फळ त्याच देवतांनी त्याला द्यावे, असा त्याचा आशय आहे. ओळी मनापासून लिहिलेल्या आहेत, यात शंका नाही. तरीही त्यांत शिपायाला नाव नाही, त्याचे देव अनोळखी आहेत आणि ऋण फेडण्याची जबाबदारीही त्या देवांवरच सोपवलेली आहे.

ओवेन यांच्या वहीत टागोरांच्या गीतांजलीतील ओळ सापडली आणि त्यांच्या आईने १९२० मध्ये टागोरांना पत्र लिहून ते कळवले, ही हकिकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. ती खरी आहे आणि हृद्यही आहे. मात्र १९१६ आणि १९१७ मध्ये हेच टागोर जपानमध्ये आणि अमेरिकेत राष्ट्रवादाच्या विरोधात व्याख्याने देत होते. तेव्हा ‘राष्ट्रीय अस्मिता’ हा शब्द प्रबंधात वापरताना तो त्या काळीच वादाचा होता, हे विसरू नये.

दप्तरखान्यातला

‘जुना वाचक’ यांच्या विवेचनाला जोडून थोडे वेगळे सांगतो. भारतीय ओवेन शोधायला निघालात तर रिकाम्या हाताने परत याल, कारण ओवेन घडायला शाळा, वही, छापखाना आणि मातृभाषेतला वाचक लागतो. आपले बहुसंख्य शिपाई निरक्षर शेतकरी होते. त्यांची पत्रे पलटणीतला एखादा लिहिता-वाचता येणारा माणूस लिहून देई आणि घरी ती दुसराच कोणी वाचून दाखवी. म्हणजे ते पत्र मुळातच चारचौघांत ऐकायचे असे.

फ्रान्समध्ये या पत्रांवर सरकारी तपासनीस बसवले होते. ते पत्रांतील निवडक भाग इंग्रजीत उतरवून अहवाल पाठवत. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जे आहे ते प्रामुख्याने हे इंग्रजी उतारे. मूळ पत्रे बहुतेक हाती नाहीत. त्यामुळे शिपायाचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो लेखनिक, भाषांतरकार आणि तपासनीस अशा तीन हातांतून. तरीही त्यात काय सापडते ते पाहा. आपली माणसे संपत चालली आहेत, हे उघड लिहिता येत नसे. तेव्हा एखादा शिपाई घरी कळवी की काळी मिरी संपत आली आहे, आता थोडी थोडी लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक. तपासनिसांना हे कळत होते, म्हणून तर ते उतारे अहवालात आले. स्वयंपाकघरातील दोन जिनसांतून मृत्यूची वार्ता सांगणारे हे वाक्य मी कवितेच्या वर्गात शिकवायला मागेपुढे पाहणार नाही.

दुसरा पुरावा आवाजाचा आहे. बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फ येथे जर्मनांची एक युद्धकैद्यांची छावणी होती. तेथे भाषांच्या अभ्यासासाठी कैद्यांचे आवाज मुद्रित केले जात. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाच्या पंजाबी शिपायाला ध्वनिमुद्रण यंत्रापुढे उभे केले गेले. तो सांगतो की, एक माणूस होता, हिंदुस्तानात तो लोणी खायचा, मग तो इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या युद्धात आला, जर्मनांनी त्याला पकडले. आता त्याला हिंदुस्तानात परत जायचे आहे, कारण तेथे गेला तरच त्याला पूर्वीसारखे खायला मिळेल. सगळे बोलणे ‘तो’ म्हणून आहे. स्वतःची व्यथा सांगताना एकदाही ‘मी’ न म्हणणारा हा माणूस लोककथेच्या चालीत बोलतो आहे. त्याच्या बोलण्यात हिंदुस्तान आहे, पण तो ध्वजाचा हिंदुस्तान नाही. जेथे लोणी मिळते तो देश आहे. राष्ट्रीय अस्मितेचा विचार मी याच जागेपासून सुरू केला असता.

काव्यनिष्ठ

दप्तरखान्यातल्या मित्रांची माहिती मोलाची आहे, परंतु माझी एक हरकत नोंदवतो. पत्र, ध्वनिमुद्रण आणि स्मृतिलेख या सर्वांना कविता म्हणू लागलो, तर कविता या शब्दाला अर्थ राहणार नाही. ओवेन यांनी यमक मुद्दाम अर्धवट ठेवून कानाला अस्वस्थ करण्याची जी कारागिरी साधली, ती दुःखाच्या खरेपणातून आपोआप येत नाही. प्रश्नकर्त्या ताईंनी पुरावा आणि काव्य यांतील सीमा पुसू नये. घडवलेली कविताच हवी असेल, तर पंजाबी स्त्रियांच्या लोकगीतांकडे वळावे. त्यांत युद्धासाठी ‘लाम’ हा शब्द येतो, इराकमधील बसऱ्याचे नाव येते आणि नवऱ्याला परत ये म्हणून घातलेली हाक येते. बंगालीत काझी नझरूल इस्लाम आहेत. ते १९१७ मध्ये ४९व्या बंगाली पलटणीत दाखल झाले, कराचीत हवालदार झाले, आघाडीवर कधी गेले नाहीत. आणि पलटण मोडल्यावर १९२१ च्या अखेरीस त्यांनी ‘विद्रोही’ ही कविता लिहिली. साम्राज्याच्या गणवेशातून बाहेर पडलेल्या कवीचा तो स्वर प्रबंधासाठी भक्कम आधार ठरेल.

पलटणीचा नातू

मी साहित्याचा अभ्यासक नाही. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून किती माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. आकडे आहेत, नावे नाहीत. लहानपणी आम्ही त्या खोलगट आकड्यांत बोट फिरवून १, २, ३ गिरवायचो. अशा पाट्या त्या काळी अनेक गावांत लावल्या गेल्या.

मराठा पलटणींची माणसे फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जास्त होती. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. शेवटी घोडे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. धर्मगुरूंकडून परवानगी मागवावी लागली आणि तरीही कित्येकांना ते घशाखाली उतरवणे जमले नाही. जात, धर्म, खाल्ल्या मिठाचे इमान आणि गावात परतल्यावर लोक काय म्हणतील याची धास्ती, हे सगळे त्या एका घासात होते. काव्यनिष्ठ यांची हरकत मला समजते, पण या घासावर कविता झाली नाही याचा दोष त्या माणसांवर यायला नको.

आणखी एक बाजू सुटू नये. सैन्यातली नोकरी सर्वांसाठी सारखी नव्हती. ज्या महार समाजाने कंपनीच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्याची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. डॉ. आंबेडकर स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या विजयस्तंभापाशी अभिवादनासाठी गेले होते. परक्या सरकारचा गणवेश एका घराला गुलामीची खूण वाटे, तर दुसऱ्या घराला माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची पहिली संधी. ‘भाडोत्री शिपाई’ हा शब्द लिहिण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

नीराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काव्यनिष्ठ यांचे म्हणणे मी मान्य करते. पत्राला कविता म्हणणार नाही. पण नायडूंची कविता, नझरूल यांची कविता आणि मल्लसिंग यांचे निवेदन यांत ‘मी’ कोण आहे, एवढ्या एकाच प्रश्नावर प्रबंध बांधता येईल, असे आता वाटते. नायडूंच्या कवितेत ‘मी’ म्हणजे माता आहे, नझरूल यांच्या कवितेत ‘मी’ आकाशाला भिडलेला आहे आणि मल्लसिंग तर तो उच्चारतच नाहीत. काल मार्गदर्शकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पंजाबी लोकगीतेही घ्यायला सांगितले.

बसऱ्याच्या स्मारकाविषयी वाचले. तेथे चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीखाली संख्या दिली आहे. युद्धातील मृतांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अशा विषम वागणुकीची कबुली देऊन माफी मागितली. पलटणीचा नातू यांना एक विनंती आहे. आपल्या गावच्या पाटीचे छायाचित्र आणि तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा येथे द्याल का? गावात त्या माणसांची नावे कोणाला तोंडपाठ असतील, तर तीही मला ऐकायची आहेत. दिवाळीच्या सुटीत मी स्वतः यायला तयार आहे.