मदत हवी आहे: रेसिडेन्सीत मॅटर्निटी लीव्ह आणि स्टायपेंड

नमस्कार. मी राज्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातवा महिना सुरू आहे आणि अजून रात्रीच्या इमर्जन्सी ड्यूट्या चालूच आहेत.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत मॅटर्निटी लीव्ह सरकारी नियमांप्रमाणे द्यावी, असं आहे. डीन ऑफिसातले क्लार्क मात्र म्हणतात, "मॅडम, तुम्ही विद्यार्थी, कर्मचारी नाही." वॉर्ड सांभाळताना हे कुणाला आठवत नाही! हजेरी ८० टक्के लागते, त्यामुळे रजेमुळे कोर्सची टर्म वाढणार हे मी धरून चाललेय. नवऱ्याला त्याच्या कॉलेजात काही दिवस तरी रजा मिळावी, एवढीच अपेक्षा.

माझी खरी अडचण पैशांची. रजेच्या काळात स्टायपेंड मिळाला का? आणि वाढलेल्या टर्ममध्ये? की एकाच काळाचा मिळतो? एमयूएचएसच्या (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या) परीक्षेला आपल्याच बॅचबरोबर बसू दिलं, की पुढच्या? थिसिस सबमिशनची तारीख कुणी वाढवून घेतली असेल तर अर्ज कुणाच्या नावे केला, तेही सांगा.

गेल्या दोन-तीन वर्षांत यातून गेलेल्या सिनियर्सनी प्लीज लिहा. मंजुरीच्या पत्राचा नमुना असेल तर नाव खोडून पाठवलात तरी चालेल. अर्ज सोमवारी द्यायचाय.