मदत हवी आहे: अ‍ॅक्वेरियमच्या दिव्यांचे बॅलास्ट नेमके कुठे बसवावेत?

नमस्कार मंडळी,

खाऱ्या पाण्याच्या चार फुटी टाकीवर ५४ वॅटच्या चार टी-५ (बारीक व्यासाच्या फ्लुरोसंट) ट्यूब लावायच्या आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येकी दोन ट्यूब चालवणारे दोन इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट (ट्यूब पेटवून तिचा विद्युतप्रवाह मर्यादेत ठेवणारे उपकरण) घेतले आहेत. ट्यूब, रिफ्लेक्टर आणि पाणी आत जाऊ न देणारे होल्डर यांची जुळणी झाली आहे, अडले आहे ते बॅलास्टच्या जागेपाशी. टाकीत प्रवाळ असल्याने दिवे रोज बरेच तास चालू राहणार आहेत, त्यामुळे ही जागा नीट विचार करूनच ठरवावी असे वाटते.

सर्वांत सोयीची जागा झाकणाच्या आतली, कारण तिथे तारा आखूड राहतात. मात्र ट्यूबची उष्णता आणि पाण्याची वाफ दोन्ही तिथेच कोंडतात. बॅलास्टच्या वेष्टनावर ‘टीसी’ अशी खूण असते आणि त्या ठिकाणचे कमाल तापमान छापलेले असते. ते सतत ओलांडले गेले की आतले कपॅसिटर लवकर निकामी होतात. शिवाय ट्यूबच्या वॅटेजच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी वीज बॅलास्टमध्येच उष्णता होऊन जाते, म्हणजे दोन्ही बॅलास्ट मिळून सुमारे २० वॅट. उन्हाळ्यात पाणी थंड राखणे आधीच कठीण असते, तेव्हा ही भर झाकणाखाली नको असे माझे मत आहे.

दुसरी जागा खालच्या कॅबिनेटमधली, पण तिथे सम्प (टाकीतले पाणी गाळण्यासाठी जिथे उतरते ती खालची टाकी) आहे. पाण्याचे बारीक तुषार उडून वाळतात आणि मीठ हळूहळू सगळीकडे चढते. दाराच्या बिजागरीकडे पाहिले तर स्क्रूच्या खाचेत पांढरा भुगा साचलेला आणि त्याच्या कडेने तांबूस गंज आलेला दिसतो. जिथे स्क्रूची ही गत आहे, तिथे बॅलास्टचे उघडे टर्मिनल ठेवायला मन धजत नाही. पूर्ण बंद डब्यात ठेवले तर मीठ अडेल, पण उष्णताही आतच राहील.

म्हणून माझा कल टाकीच्या बाजूच्या भिंतीकडे आहे: पाण्याच्या पातळीपेक्षा वर, शिंतोडे पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा भिंतीपासून थोडा सुटा बसवायचा आणि त्यावर दोन्ही बॅलास्ट मध्ये मोकळी जागा ठेवून लावायचे. बॅलास्ट, पत्रा आणि रिफ्लेक्टर या सर्वांना अर्थिंग देणार आहे, कारण अर्थ केलेला धातू ट्यूबजवळ असला की ती पेटायलाही मदत होते. पुरवठ्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल, आणि तारेवरून ओघळणारे पाणी बॅलास्टपर्यंत न जाता खालीच गळावे म्हणून प्रत्येक तारेला मध्ये खाली झोल देणार आहे.

खरी अडचण तारांच्या लांबीची आहे. या जागेपासून ट्यूबच्या लांबच्या टोकापर्यंत साधारण २ मीटर तार लागेल. मेटल हॅलाइड दिव्याचा लोखंडी चोक (जुन्या पद्धतीचा बॅलास्ट) असता, तर योग्य प्रकारचा इग्नायटर (दिवा पेटवणारा भाग) दिव्याजवळ ठेवून चोक लांब नेता आला असता. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट मात्र ट्यूबला २० किलोहर्ट्‌झपेक्षा जास्त वारंवारितेची वीज देतो, आणि तारा लांब असतील किंवा एकमेकींना चिकटून जात असतील तर त्यातली काही तारांमधल्या कपॅसिटन्समुळे (शेजारच्या तारांमध्ये विद्युतभार साठण्याच्या गुणधर्मामुळे) वाया जाते. जोडणीच्या आकृतीत काही तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात अशी सूचना आहे, पण त्यापुढे आकडा दिलेला नाही.

ज्यांनी टी-५ चे बॅलास्ट झाकणाबाहेर बसवले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की एवढ्या लांबीवर ट्यूब पेटायला उशीर होतो का, किंवा तिचे एक टोक मंद दिसते का. आखूड ठेवायच्या तारा बॅलास्टच्या बाजूच्या टोकाला आणि उरलेल्या लांबच्या टोकाला, अशी विभागणी कोणी केली आहे का? आणि दोन्ही बॅलास्टच्या तारा एकाच केसिंगमधून न्याव्यात, की प्रत्येकाच्या वेगळ्या?