आईचे पाय सुजलेत, बीपीची गोळी बंद करू का? लवकर सांगा

पावसाळी:
दहा दिवसांपूर्वी आईला बीपीची नवीन गोळी दिली, तेव्हापासून संध्याकाळी दोन्ही घोटे टम्म फुगतात. बोटाने दाबलं की खळगा पडतो. डॉक्टर परवा भेटणार. तोवर गोळी बंद केली तर चालेल ना? हो की नाही एवढंच सांगा.

रानवारा:
गोळीचं नाव? किती मिलिग्रॅम? वय? आणखी काय चालू आहे? याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

जुना_सोबती:
अ‍ॅम्लोडिपिनच असणार. मलाही १० मिलिग्रॅमवर असंच झालं होतं. लघवीची गोळी सुरू करा, दोन दिवसांत सूज उतरते.

मुक्ता:
काका, असं सांगू नका. ही सूज अंगात पाणी वाढल्याची नसते. गोळीने बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, म्हणून केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम बिघडू शकतं. डॉक्टर डोस कमी करतात, नाहीतर टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडतात.

जुना_सोबती:
मला गुण आला ते काय खोटं?

मुक्ता:
खोटं नाही, पण त्याच वेळी डोस कमी केला होता का?

जुना_सोबती:
हो, ५ वर आणला होता.

खिडकी:
बीपी एकदम वाढलं म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली कधी देऊ नका. पूर्वी द्यायचे. बीपी धाडकन पडून हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊ शकतो.

पावसाळी:
बीपी वाढलेलं नाहीये हो, पाय सुजलेत! गोळी डिल्टियाझेम ९० एसआर. वय ७१. अंजायना आहे (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं), लिहायचं राहिलं. मेटोप्रोलॉल ५० आधीपासून आहेच. चक्कर येते म्हणते, पण झोप नीट होत नाही तिची.

मुक्ता:
ताई, सूज बाजूला ठेवा. आधी नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट.

पावसाळी:
४४. दोनदा मोजली.

मुक्ता:
दोन्ही गोळ्या ठोके मंद करतात. एकत्र दिल्या की हृदयातला विद्युतसंदेश अडू शकतो. काही वेळा मुद्दाम देतात, पण ईसीजीवर नजर ठेवून. चक्कर आहे, म्हणजे परवापर्यंत थांबायचं नाही. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, लागला नाही तर सरळ इमर्जन्सीत न्या. मेटोप्रोलॉल मात्र आपल्या मनाने तोडू नका, अंजायनात ती अचानक थांबली की दुखणं उसळतं. शुद्ध हरपली, धाप लागली, छातीत दुखलं तर तडक रुग्णवाहिका.

रानवारा:
एसआर गोळी कुटून तर देत नाही ना? हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं.

पावसाळी:
कुटूनच देत होते. गिळता येत नाही तिला. कुणी सांगितलंच नव्हतं.
फोन लागला. आज रात्रीची एकही गोळी देऊ नका, लगेच ईसीजीला आणा म्हणाले. निघतोय.

जुना_सोबती:
सगळी पाकिटं सोबत घ्या, जुनी चिठ्ठीसुद्धा. कुटून दिल्याचं आधी सांगा.