मदत हवी आहे: फोटोत डोंगर अख्खा, पण कागद दरडीनंतरचा?

नमस्कार मंडळी,

इथे कॅलगरीच्या जुन्या बाजारात १२ डॉलरला एक फोटो-पोस्टकार्ड मिळालं. पुढे लाकडी घरांची रांग, रेल्वेचे रूळ आणि मागे आभाळ अडवून बसलेला डोंगर. खाली पांढऱ्या अक्षरांत 'टर्टल माउंटन', गावाचं नाव नाही. विकणारे आजोबा छातीठोकपणे म्हणाले, "हे फ्रँक, दरड कोसळण्याआधीचं!"

फ्रँक म्हणजे अल्बर्टातल्या क्रोजनेस्ट खिंडीतलं कोळसा खाणीचं गाव, १९०१ साली वसलेलं. २९ एप्रिल १९०३ ला पहाटे ४:१० वाजता या डोंगराची पूर्वेकडची बाजू सुटली आणि जेमतेम दीड मिनिटात ८ कोटी टनांहून जास्त चुनखडी खोऱ्यात पसरली. ७० ते ९० माणसं गेली. खाणीत अडकलेले १७ जण मात्र आतून वाट खणत स्वतःच बाहेर आले! आजही हमरस्ता त्या धोंड्यांमधूनच जातो.

माझ्या कार्डात डोंगराला कुठेच घाव नाही. म्हणून आधी आजोबांवर विश्वास बसला. घरी येऊन कार्ड उलटलं तर तिकिटाच्या चौकटीत 'अ‍ॅझो' (फोटो छापायच्या कागदाचा ब्रँड) आणि कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर. हा छाप साधारण १९०४ ते १९१८ चा मानतात. झाली पंचाईत!

एक शक्यता अशी की काच (म्हणजे काचेवरची मूळ निगेटिव्ह) जुनी आणि छपाई नंतरची. दुर्घटनेनंतर 'आधीचा' फोटो खपणारच. दुसरी शक्यता मला जास्त पटते, जरी खिशाला ती रुचत नसली तरी: हे फ्रँक नसून शेजारचं ब्लेअरमोर असावं. तेही कोळशाचंच गाव, पण डोंगराच्या पश्चिमेला. तिथून पूर्वेचा घाव दिसणार कसा?

तर विचारायचं असं:

मूळ काचेवरून काढलेली प्रत आणि फोटोचा फोटो काढून केलेली प्रत, यांतला फरक भिंगाखाली कसा ओळखायचा? घरांच्या कडा मला चांगल्या रेखीव वाटतात, पण सवयीची नजर नाही.

कोणी त्या बाजूला राहतं का, किंवा गाडी थांबवून दोन्ही गावांतून डोंगराचे फोटो काढलेत का? माथ्याची रेघ जुळवून बघायची आहे.

आणि हो, काळ्या भागांवर चांदीसारखी झाक आली आहे, स्कॅन केला की तिथे नुसता पांढरा डाग. कॅमेऱ्याने तिरक्या उजेडात काढावा का? पुसायला मी हात लावलेला नाही, घरच्यांचा आग्रह असूनही.