मदत हवी आहे: ओरेमचा सिद्धांत आणि सेवेला हजर घरची माणसं

नमस्कार मंडळी. मी पुण्यात ऑर्थो वॉर्डला स्टाफ नर्स आहे, सोबत एम.एस्सी. नर्सिंग चालू आहे. केस स्टडीला नर्सिंगमधल्या सिद्धांतकार डोरोथिया ओरेम यांचा स्वयंकाळजीचा सिद्धांत घेतलाय. रुग्णाला जे जमत नाही तेवढंच आपण करायचं, जमायला लागलं की हात काढून घ्यायचा आणि शेवटी फक्त शिकवायचं, धीर द्यायचा. मला तो मनापासून पटतो.

अडचण वॉर्डात येते. गुडघा बदललेल्या एक आजी वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात, हात धडधाकट. तरी सूनबाई वरण-भात कालवून भरवतात, वेणीही घालतात. "आजी, तुम्हीच घ्या की चमचा," म्हटलं तर सूनबाईंचा चेहरा उतरतो. त्यांच्या लेखी ती सेवा आहे, आणि ते चूक कसं म्हणू?

नर्सिंगमधल्याच मॅडेलिन लेनिंजर यांचा, रुग्णाची संस्कृती धरून काळजी घेण्याचा सिद्धांत इथे जवळचा वाटतो. संस्कृतीतलं चांगलं जपा, गरजेपुरती तडजोड करा, अपाय होत असेल तरच बदल सुचवा.

दोन्ही सिद्धांत एकाच केअर प्लॅनमध्ये कोणी बसवलेत का? आणि नातेवाइकांना न दुखावता हे कसं सांगता? सिनिअर ताई-दादांनी, ट्यूटर मॅडमनी जरूर लिहा.