जनरेटरच्या विजेवर पण वीज शुल्क? कुणी नीट सांगाल का

टॉवेल_अक्कलकोट_रोड: नमस्कार मंडळी, एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, 24 लूम, वडिलांनी चालू केलेलं. लाइट गेली की डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लावावाच लागतो, कारण लूम मधेच थांबला की थांबल्या जागी कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो टॉवेल सेकंडच्या ढिगात जातो. आता आमचे सीए म्हणतात, स्वतः तयार करून वापरलेल्या विजेवर पण सरकारचं वीज शुल्क लागतं. अहो, डिझेलवर टॅक्स आधीच भरलाय, डिझेल जीएसटीत नाही म्हणून त्याचं क्रेडिट पण मिळत नाही. वीज विकली तर समजू शकतो, पण घरच्या विहिरीचं पाणी प्यायला पट्टी कसली?

कोजन_पंढरपूर_रोड: दादा, मी साखर कारखान्याच्या कोजनला, म्हणजे कारखान्याच्याच वीजनिर्मितीत, आहे, आमच्याकडं हा विषय रोजचा. घटनेच्या राज्य सूचीत 53 नंबरची नोंद बघा, विजेच्या 'वापरावर किंवा विक्रीवर' कर असं लिहिलंय. म्हणजे विकली नाही तरी वापरली ना, तिथं शुल्क येतं. 1962 ला जियाजीराव कॉटन मिल्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, गिरणी स्वतःची वीज स्वतः वापरत होती तरी. केंद्रानं ऑक्टोबर 2023 ला राज्यांना पत्र पाठवलं ते वीज 'निर्मितीवर' कर लावू नका म्हणून, त्यावरनं लोकांचा घोळ होतो. आपल्याकडं महाराष्ट्र विद्युत शुल्क कायदा 2016 चा आहे.

यंत्रमाग_पूर्वभाग: कायदा बरोबर असेल हो, पण न्याय कुठाय? तुमच्या कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, घरचं, टर्बाइन घरचं. आमचा डीजी एका लिटरला सव्वातीन युनिट देतो, डिझेल नव्वदीत धरलं तरी नुसतं इंधनच युनिटला 27-28 रुपये पडतं. हौस म्हणून कोण लावतंय? लाइट टिकत नाही म्हणून लावतो. माझं स्पष्ट मत आहे, सप्लाय बंद असताना चालवलेल्या जनरेटरला वेगळं धरायला पाहिजे. इथं सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं वीज केंद्र उभंय आणि आम्ही कामगारांना अंधारात बसवून ठेवतो, वाईट वाटतं.

कोजन_पंढरपूर_रोड: यंत्रमागवाले दादा, तुमचं दुःख मान्य आहे, त्यात खोटं काही नाही. हे निवेदनात लिहूनच द्या, यंत्रमाग संघटनेमार्फत गेलं तर जोर येईल.

सोलर_चिंचोळी: एक भर घालतो. काही जण सोलर पार्कमध्ये भागीदारीनं कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा वीज प्रकल्प, घ्यायला निघालेत, तिथं नियम वेगळा, किमान 26 टक्के मालकी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान 51 टक्के वापर मालकांचा पाहिजे, तर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे दुसरीकडून वीज घेतली की वीज कंपनी लावते तो जादा आकार, लागत नाही. अतिरिक्त अधिभार पण नाही, डिसेंबर 2021 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. पण अधिभार माफ म्हणजे वीज शुल्क माफ असं धरू नका, तिथंच लोक फसतात. टॉवेलवाले, तुमच्या डीजीला युनिट मीटर आहे का? विद्युत निरीक्षक कार्यालयात लेखी विचारा, दर आणि सवलत अधिसूचनेनं बदलतात, तोंडी उत्तरावर राहू नका.

टॉवेल_अक्कलकोट_रोड: आत्ताच पॅनल उघडून बघितलं, तासांचा मीटर आहे, युनिटचा नाहीच. आमच्या लॉगबुकात वडिलांच्या हातचं नुसतं 'लाइट गेली 2.10, आली 4.25' एवढंच लिहिलंय. उद्याच वायरमनला बोलावतो. छतावर सोलर पण आहे, ते यातच लिहायचं का?

सोलर_चिंचोळी: नाही नाही, वेगळ्या वहीत. जनरेशन मीटरचं रीडिंग महिन्याच्या एकाच तारखेला, फोटो काढून ठेवा.