वारा कमी असला तरी मजा आहेच की
या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की बोर्ड प्लेनिंगला आला नाही, म्हणजे वेगाने पाण्याच्या वरच्या वर घसरत धावला नाही, तर विंडसर्फिंगमध्ये (शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर जायच्या खेळात) मजाच नाही, मला अजिबात नाही पटलं. गोव्यात दोना पावलाला उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो ८-१० नॉटचाच (ताशी साधारण १५-१८ किमी) असला तरी मोठा डॅगरबोर्डवाला (खाली पाण्यात उतरणारी, बोर्ड आडवा सरकू न देणारी पट्टी असलेला) बोर्ड घ्यायचा, दोरीने शीड हळूहळू वर ओढायचं, वरचं पाणी निथळलं की ते एकदम हलकं होतं आणि मग डोलकाठी मागे झुकवली की बोर्ड आपसूक वाऱ्याकडे वळतो, पुढे झुकवली की वाऱ्यापासून लांब, सुकाणू नाहीच! हे वळणं तळपायांना कळतं ना, ते मला जाम आवडतं. जीपीएसवर स्पीड बघणाऱ्यांनी खुशाल बघावा, पण त्यावरून नवीन लोकांना घाबरवू नका प्लीज. आणि हो, वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर नवशिक्यांनी जाऊच नये, एरवीही लाइफ जॅकेट घालाच.